वाजवून घेताना

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं
मी दुकानदारांची मापं उलटी करून बुडं पाहिली.
बुडाला मेण असतं, वजनातलं शिसं काढलेलं असतं.
निवृत्तीला खात्यानं शाल दिली, नारळ दिला,
हाताला लागलेली खोड तेवढी परत घेतली नाही.

आता मंगळवारी केराबाई येते.
झारेकऱ्यांची. सराफकट्ट्याचा केर, गटारीचा गाळ,
आणि पाणी उतरलं की संगमाखालची वाळू
लाकडी पाटीत घोळवणारी.
कनवटीची गाठ सोडून टेबलावर ओतते:
एक मणी, दोन खिळे, जोडव्याचा तुकडा,
भारत सरकारचे पाच पैसे,
आणि कधी, सहा महिन्यांतून एखादी,
हिरवट, कडा झिजलेली, नखाएवढी चकती.

मी चिमटा घेतो. भिंग. तराजू.
ती विचारते, "कुठल्या गावचं?"
दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं.

ही फुली, टोकांना चार गोल,
याला उज्जैनीचं चिन्ह म्हणतात, मी सांगतो,
पण नाणं उज्जैनचंच असेल असं नाही,
राज्यं बदलली, व्यापार फिरला, चिन्ह पैठणपर्यंत आलं.
"म्हंजी सासरचं आडनाव," केराबाई म्हणते.

दुसऱ्या बाजूला तीन कमानींची टेकडी,
खाली नागमोडी रेघ, रेघेत मासे.
पुस्तकं म्हणतात चैत्य, कुणी म्हणतं मेरू.
ती खिडकीतून हात करते:
"ह्यो आगाशिव. ही कोयना.
ह्यात वाचायचं काय?"

भरहुतच्या दगडी कठड्यावर, इथून शेकडो कोस लांब,
कऱ्हाडच्या लोकांच्या दानाची नोंद आहे.
इथल्याच वाळूत निघणाऱ्या या चकत्यांवर मात्र
गावाचं नाव मला कधी सापडलं नाही.
परक्या ठिकाणी नाव सांगावं लागतं.
घरात कोण सांगतं?

एक नाणं मी कापसात वेगळं ठेवलं होतं.
त्यावर तीन अक्षरं: क, र, ह.
सांगलीच्या एका माणसाकडून
ग्रॅच्युइटीतले बावीस हजार मोजून घेतलेलं.
ते मी केराबाईला दाखवलं. का दाखवलं?
मिरवायला, दुसरं काय.
तिनं उचललं, आणि मी हां हां म्हणेपर्यंत
उंबऱ्याच्या दगडावर टाकलं.

टिण्ण.

स्वच्छ, लांब, देवघरातल्या घंटेसारखं.
मग तिनं तिची नदीतली चकती टाकली.
वाटाणा पडावा तसा आवाज.
"जुनं बोलत न्हाई, सायेब.
पाण्यानं त्याचा गळा खाल्लेला असतोय."

नाणं वाजवून घ्यावं, हे मी
किती शिकाऊ पोरांना शिकवलं असेल!
आणि वजन? वजन तर तेव्हाच केलं होतं,
पुस्तकात दिलंय तेवढंच भरलं, तंतोतंत.
साऱ्या नोकरीत तंतोतंत वजन मी
फक्त धाडीची आधी कुणकुण लागलेल्या दुकानात पाहिलं.

केराबाई हसली नाही.
म्हणाली, "नातवाला द्या हे. वाजतंय झ्याक."
बघू, म्हणालो, पुढच्या मंगळवारी.

रात्री वही उघडली.
धातू, वजन, चिन्ह, टांकसाळ, असे रकाने.
'करहाटक' खोडलं, वर लिहिलं:
कासं. भांडी ओतणारी कुठलीशी भट्टी, हल्लीची.
हीदेखील टांकसाळच. कारागीर चांगला.
अक्षरांचं वळण त्यानं माझ्यासारख्याच कुणाच्या तरी
लोभावरून उचललं असणार.

नदीतल्या चकतीसमोर टांकसाळीचा रकाना
कित्येक महिने कोरा होता.
तिथे शिसपेन्सिलीनं, खोडता येईल इतपत,
लिहिलं: आगाशिवाच्या पायथ्याशी, केराबाईच्या मते.

मग कापूस उलगडून ते दुसरं
पुन्हा एकदा फरशीवर टाकलं.
काय वाजतं!
मंगळवारला अजून चार दिवस आहेत.